खाली सूट, वरती कर : फैजपूरच्या ठरावाकडे पुन्हा पाहताना

‘शेतकऱ्याला कसला आलाय कर?’ हे वाक्य मी जळगावच्या बँकेत ऐकले आहे, धुळ्याच्या बसस्थानकावर ऐकले आहे आणि लग्नाच्या पंगतीत नोकरदार पाहुण्यांच्या तोंडून किती वेळा ऐकले त्याची मोजदाद नाही. म्हणणाऱ्याच्या मनात वाईट असते असे नाही. त्याच्या पगारातून कर कापून घेतला जातो, शेजारच्या बागायतदाराला तो द्यावा लागत नाही, हे त्याला दिसते आणि खुपते. नवल वाटते ते ऐकून घेणाऱ्याचे. तोही मान हलवतो. माझे वडील यावल तालुक्यात जन्मभर केळी लावत आले. तेही मान हलवायचे आणि म्हणायचे, ‘एवढी एक गोष्ट सरकारनं बरी केली.’

वडील गेल्यावर त्यांच्या पत्र्याच्या पेटीत कृषी केंद्राच्या बिलांची चळत निघाली. सुतळीने बांधलेली, वर्षवार लावलेली. शाई पुसट झाली होती म्हणून एक बिल खिडकीशी नेऊन वाचले. करप्यावर फवारायचे औषध, किंमत ५०० रुपये. खाली बारीक अक्षरात दोन ओळी : सीजीएसटी ४५, एसजीएसटी ४५. एकूण ५९०. त्याच बिलावर खताच्या गोण्या होत्या, त्यांवर पाच टक्के. त्याखाली पाइप, त्यावर पुन्हा अठरा. ज्या माणसाने मरेपर्यंत ‘आपण कर भरत नाही’ असे मानले, त्याने प्रत्येक फवारणीला कर भरला होता आणि त्याची पावती जपूनही ठेवली होती.

पुढे जे लिहिले आहे त्याची सुरुवात त्या पेटीपाशी झाली. गेली काही वर्षे मी खान्देशातल्या गावोगावच्या वाचनालयांत करांविषयी बोलत आलो. ती भाषणे आता या पुस्तिकेत एकत्र येत आहेत. विषय मोठा वाटतो, श्रीमंतांवरचा कर आणि अडखळलेली अर्थव्यवस्था. पण या विषयावर देशात झालेल्या अत्यंत स्पष्ट विचारांपैकी एक आपल्या दाराशी झाला आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी, सावदा आणि यावल यांच्या मध्ये, फैजपूरला.

डिसेंबर १९३६. राष्ट्रीय सभेचे, म्हणजे काँग्रेसचे, पन्नासावे अधिवेशन फैजपूरला भरले. शहर सोडून खेड्यात भरलेले हे पहिले अधिवेशन. ते खेड्यात व्हावे हा गांधीजींचा आग्रह होता. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. बांबू, तट्टे आणि जवळपास मिळेल त्या साहित्यातून नंदलाल बोस यांनी ‘टिळकनगर’ सजवले. खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी आणि त्यांचे सहकारी महिनोन्‌महिने राबले. त्यांच्या नावाचे महाविद्यालय आज त्याच गावात उभे आहे. अमळनेरची शाळा सोडून चळवळीत उतरलेले साने गुरुजी या अधिवेशनासाठी गावोगाव हिंडले. मनमाडहून शेतकऱ्यांचा जथा पायी चालत आला. त्याच दिवसांत, त्याच जागी किसान सभेचेही अधिवेशन झाले आणि त्याचे अध्यक्ष होते एन. जी. रंगा.

हे सारे आपल्याकडे शाळेत शिकवतात. पाहुणा आला की अधिवेशनाची जागा दाखवतात. पण तिथे काय ठरले, हे विचारले तर बहुतेक जण थबकतात. तिथे शेतीविषयक कार्यक्रमाचा तेरा कलमांचा ठराव झाला. शेतसारा आणि कुळाने द्यायचा खंड भरघोस कमी करा. ज्या जमिनीवर कुटुंबाचे पोट भरत नाही, अशा धारणेला साऱ्यातून पूर्ण सूट द्या. पाटपाण्याचे दर उतरवा. वेठबिगार बंद करा. कर्जाचा डोंगर हटवा. शेतमजुराला जगण्यापुरती मजुरी कायद्याने द्या. आणि या मागण्यांच्या मधोमध आणखी एक कलम आहे, जे आज वाचताना आपण सगळेच दचकतो : शेतीच्या उत्पन्नावर इतर उत्पन्नांसारखाच प्राप्तिकर लावा, एका किमान मर्यादेच्या वर, आणि उत्पन्न वाढेल तसा चढत्या दराने.

शेतकऱ्यांच्या चळवळीने शेतीवर कर मागितला! ही मागणी डोळ्यांना खटकते, कारण आपण ती एकटी वाचतो. ती एकटी नव्हती. तळच्या माणसाला करातून सोडवा आणि वरच्या माणसाला करात आणा, अशी ती जोडी होती. ती जोडी कशी घडली, पुढे ती कोणी मोडली आणि अर्धीच कशी राहिली, हे सांगणे हाच माझ्या या लिखाणाचा उद्देश.

जोडी घडली ती शंभराहून अधिक वर्षांच्या अनुभवातून. १८१८ मध्ये पेशवाई गेली, खान्देश कंपनी सरकारच्या हाती गेला आणि धुळे जिल्ह्याचे ठाणे झाले. रयतवारी पद्धतीत प्रत्येक शेताची मोजणी, जमिनीचा कस आणि त्यावर रोख आकार. पीक येवो वा जळो, आकार ठरलेला. १८५२ मध्ये सावदा, फैजपूर, एरंडोल या भागात लोक मोजणीच्या विरोधात उठले आणि सरकारला फौज आणावी लागली. लोकांना धास्ती होती की साखळी टाकली की सारा वाढणार. या उठावावर आपल्याकडे फार थोडे लिहिले गेले आहे. फैजपूरचे नाव १९३६ च्या चौऱ्याऐंशी वर्षे आधी करांच्याच कारणाने सरकार-दरबारी पोचले होते, याची मला आजही अपूर्वाई वाटते.

साऱ्याचे दुखणे नीट समजून घ्यायला हवे, नाही तर ठराव समजत नाही. सारा उत्पन्नावर नव्हता, जमिनीवर होता. दोन एकरवाला आणि दोनशे एकरवाला, एकाच प्रतीच्या जमिनीला एकरी सारखाच भरणार. उलट, प्राप्तिकर भरणाऱ्या वकिलाला किंवा व्यापाऱ्याला किमान मर्यादा होती. ठरावाच्या वर्षी वर्षाला दोन हजार रुपयांच्या आतल्या उत्पन्नाला कर नव्हता. ज्याची वर्षाची कमाई शंभर रुपयेही नाही त्या कुणब्याला मात्र कोणतीही मर्यादा नव्हती. जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये करांच्या या ओझ्यावर १८८३ मध्येच बोट ठेवले होते. डॉ. आंबेडकरांनी १९२७ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना हाच मुद्दा काढला की लहानात लहान शेतकरीही साऱ्यातून सुटत नाही आणि शहरातल्या मध्यम कमाईच्या माणसाला सूट आहे. फैजपूरच्या ठरावात उमटला तो हाच न्याय.

मग शेती प्राप्तिकरातून सुटली कशी? १८५७ नंतर रिकामा खजिना भरण्यासाठी जेम्स विल्सनने १८६० मध्ये प्राप्तिकर आणला तेव्हा शेतीचे उत्पन्नही त्यात होते. १८८६ च्या कायद्याने ते वगळले. समर्थन असे की जमीन आधीच सारा भरते, पुन्हा कर कशाला. समर्थन त्या काळी ठीक होते. आज सारा नावापुरता उरला आहे. पण त्याच्या नावाने दिलेली सूट जशीच्या तशी आहे, आणि ती दोन एकरवाल्याला आहे तशीच शेतजमिनी घेऊन बसलेल्या धनिकालाही आहे. हे मी पुन्हा सांगणार आहे.

१९२९ नंतर जगभर मंदी आली. कापसाचे भाव कोसळले. जळगाव, धुळे, अमळनेर, चोपडा या बाजारपेठा कापसावर जगणाऱ्या. शेतकऱ्याच्या हातात येणारी रक्कम आटली आणि साऱ्याचा, व्याजाचा आकडा मात्र तोच राहिला. म्हणजे जो सारा भरायला पूर्वी एक गाडी कापूस पुरायचा, त्याला आता दोन लागू लागल्या. १९३१ मध्ये इंग्लंडने सुवर्णमान सोडला, सोन्याचा भाव चढला आणि हिंदुस्थानातून सोन्याचा ओघ परदेशी निघाला. हे सोने आले कुठून? मोठा भाग खेड्यातल्या बायकांच्या अंगावरून उतरला. एकदा उतरलेल्या पाटल्या परत आल्या नाहीत, अशा गोष्टी आजही आमच्या भागातल्या म्हाताऱ्या आयाबाया आपल्या आजीच्या नावाने सांगतात. जळगावला आपण अभिमानाने सुवर्णनगरी म्हणतो. त्या नगरीच्या इतिहासात मोडून विकलेल्या सोन्याचेही एक पान आहे.

ठराव झाला तो या पार्श्वभूमीवर. तिकडे अमेरिकेतही त्याच मंदीत रूझवेल्ट सरकारने १९३५ मध्ये कायदा करून सर्वांत वरच्या उत्पन्नावरचा कर ७९ टक्क्यांपर्यंत नेला. दोन्हीकडे विचाराचे मूळ एक. मंदीत माल नसतो असे नाही, माल घेणाऱ्याच्या खिशात पैसा नसतो. मजुराच्या हातात दहा रुपये आले तर ते आठवडी बाजारात त्याच दिवशी खर्च होतात, दुकानदाराकडून घाऊक व्यापाऱ्याकडे, तिथून गिरणीकडे जातात. तेच दहा रुपये ज्याची तिजोरी आधीच भरली आहे त्याच्याकडे गेले तर बऱ्याचदा तिथेच पडून राहतात, किंवा जमिनीत आणि सोन्यात जाऊन बसतात. यावलच्या आठवडी बाजारातल्या किराणा दुकानदाराला विचारा, कापूस विकला गेल्याचे त्याला कसे कळते. तो बाजारभाव न पाहता सांगेल.

पुढे १९३७ मध्ये प्रांतिक सरकारे आली. बिहारच्या काँग्रेस सरकारने १९३८ मध्ये शेतीउत्पन्नावर कर बसवला. मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर मुख्यमंत्री आणि अण्णासाहेब लठ्ठे अर्थमंत्री. लठ्ठ्यांनी १९३९ मध्ये शहरातल्या स्थावर मालमत्तेवर दहा टक्के कर बसवला, दारूबंदीने बुडणारा अबकारी महसूल भरून काढण्यासाठी. मुंबईचे मोठे घरमालक उच्च न्यायालयात गेले आणि हरले. रयतेसाठी कूळकायदा झाला, कर्जनिवारणाचा कायदा झाला. म्हणजे जोडीचे दोन्ही पाय उचलले गेले होते, हळू का होईना. युद्ध सुरू झाले, मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि पाऊल तिथेच थांबले.

स्वातंत्र्यानंतर काय झाले, हा माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी चर्चिला गेलेला भाग. चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना १९५३ मध्ये मृताच्या मालमत्तेवरचा संपदाशुल्क कायदा आला. केंब्रिजचे निकोलस काल्डोर यांनी १९५६ मध्ये भारताच्या करव्यवस्थेवर अहवाल दिला. त्याला धरून संपत्तीकर १९५७ मध्ये आणि खर्चकर व देणगीकर १९५८ मध्ये आले. १९७१ मध्ये यशवंतराव चव्हाण अर्थमंत्री असताना अधिभारासह प्राप्तिकराचा सर्वोच्च दर ९७.७५ टक्क्यांवर पोचला. वरच्या रुपयातले दोन पैसे आणि थोडेसे माणसाच्या हातात! परिणाम उघड होता. काळा पैसा वाढला, दोन वह्या ठेवण्याची रीत पडली. प्रत्यक्ष करांच्या चौकशीसाठी नेमलेल्या वांछू समितीने दर खाली आणायला सांगितले आणि चव्हाणांनीच १९७४ मध्ये तो ७७ टक्क्यांवर आणला. हा मोठेपणाच म्हणायचा की ज्याने दर चढवला त्यानेच तो उतरवला.

हा अनुभव दाखवून आज सांगितले जाते की श्रीमंतांवर कर लावून पाहिला, जमला नाही. मला हे म्हणणे मान्य नाही. जे जमले नाही ते असे : दर आकाशाला भिडलेले आणि भिंतीला भोके. संपत्तीकरातून नव्वदच्या दशकात शेअर वगळले गेले. म्हणजे ज्यात खरी मोठी संपत्ती असते तेच बाहेर, आणि मोटार, दागिने, शहरातला रिकामा प्लॉट आत. वसुली कशी होणार? २०१३-१४ मध्ये साऱ्या देशातून संपत्तीकर जमला १००८ कोटी. २०१५ च्या अर्थसंकल्पात अरुण जेटलींनी तो रद्द केला आणि कोटीच्या वर उत्पन्न असलेल्यांवर दोन टक्के अधिभार वाढवला. संपदाशुल्क त्याआधीच, १९८५ मध्ये, विश्वनाथ प्रताप सिंग अर्थमंत्री असताना गेले. कारण तेच, वसुली जेमतेम वीस कोटींच्या आसपास आणि कटकट फार. गाळणीने पाणी भरायला गेलो, भरले नाही, म्हणून विहीरच बुजवली.

शेतीउत्पन्नाचे तर काहीच झाले नाही म्हटले तरी चालेल. राज्यघटनेने हा कर राज्यांच्या यादीत घातला. महाराष्ट्राने १९६२ मध्ये कायदा केला, पण आज राज्यात असा कर कोणी भरत नाही. के. एन. राज समितीने १९७२ मध्ये धारणेवर आधारित चढता कर सुचवला. केंद्राने त्यातले एवढेच घेतले की इतर उत्पन्नाचा दर ठरवताना शेतीचे उत्पन्न जमेस धरायचे. निवडून आलेल्या सभागृहांत मोठ्या बागायतदारांचे वजन किती होते, हे वेगळे सांगायला नको. कोरडवाहू शेतकऱ्याच्या नावाने सूट मागायची आणि ती बागायतदाराच्या शेतात पाझरू द्यायची, असा तो व्यवहार झाला. मी बागायतदाराचा मुलगा आहे, म्हणून हे मीच लिहिले पाहिजे.

एका ठिकाणी मात्र महाराष्ट्राने जोडी पुन्हा जुळवली, आणि ती गोष्ट प्रत्येक मराठी माणसाला अभिमानाने सांगता यावी अशी आहे. १९७२ चा दुष्काळ. धुळे, शिंदखेडा, साक्री, पारोळा भागातली माणसे खडी फोडायला गेली. सुकडीच्या वाटपाची आठवण त्या पिढीला अजून आहे. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना त्या काळात राज्यभर उभी राहिली, १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. तिचा पैसा कुठून आला? १९७५ च्या कायद्याने पगारदार आणि व्यावसायिकांवर व्यवसायकर बसला. ओलिताच्या जमिनीवर उपकर बसला, विक्रीकर आणि मोटारकर यांवर अधिभार बसला, आणि जमलेल्या रकमेइतकी भर राज्याने आपल्या तिजोरीतून घालायची असे ठरले. मुंबईच्या कार्यालयातला कारकून आणि पाटाच्या पाण्यावर ऊस घेणारा शेतकरी, दोघांनी मिळून शिरपूरच्या डोंगरातल्या आदिवासीच्या मजुरीला हातभार लावला. बांधबंदिस्ती झाली, पाझर तलाव झाले, रस्ते झाले. कामात गैरव्यवहार झाले, हजेरीपटात खोटी नावेही लागली, ते मी झाकणार नाही. तरीही वरून घेऊन खाली काम देण्याची रीत इथे तीस वर्षे चालली आणि दिल्लीने २००५ मध्ये देशासाठी कायदा केला तेव्हा हाच नमुना समोर होता.

आता आजचे पाहू. सप्टेंबर २०१९ मध्ये अर्थव्यवस्था मंदावत असताना केंद्राने कंपन्यांवरचा कर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला, नव्या कारखान्यांना १५ टक्के. सरकारनेच सांगितलेला खर्च वर्षाला १ लाख ४५ हजार कोटी रुपये. गुंतवणूक वाढेल ही अपेक्षा होती. काही उद्योग आले, मी नाकारत नाही. पण त्या दिवाळीत जळगावच्या बाजारपेठेतले दुकानदार भांडवल नाही म्हणून रडत नव्हते, गिऱ्हाईक नाही म्हणून रडत होते. ज्या रोगाचे औषध तळाला द्यायला हवे होते ते माथ्याला चोळले, असे माझे मत तेव्हाही होते आणि आजही आहे. त्यानंतर देशात वैयक्तिक प्राप्तिकराची वसुली कंपनीकराच्या पुढे गेली. म्हणजे शिक्षक, बँक कर्मचारी, डॉक्टर, दुकानदार यांनी मिळून कंपन्यांपेक्षा जास्त भरले. पगारावरचा वरचा दर ३० टक्के. शेअर वर्षभर ठेवून विकले तर नफ्यावर जुलै २०२४ पासून साडेबारा. घाम गाळून मिळवलेल्या रुपयावर जास्त आणि झोपेत वाढलेल्या रुपयावर कमी, याला न्याय म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आणि तळाला जीएसटी. दुकानातला दर माणूस पाहत नाही, वस्तू पाहतो. सोन्यावर ३ टक्के, करप्याच्या औषधावर १८. शेतमजूर बाई मुलीच्या लग्नासाठी मणी घेते आणि सराफ्यात कोणी बिस्किटे घेतो, दोघांना दर एकच, तीन. पण केळी वाचवण्यासाठी जे लागते त्यावर सहापट. कारखानदाराने भरलेला जीएसटी त्याला वजा मिळतो, कारण त्याच्या मालावर पुढे कर लागतो. केळीवर जीएसटी नाही, म्हणून शेतकऱ्याला वजावटही नाही. ‘शेतमाल करमुक्त’ हे ऐकायला गोड लागते, पण खत, औषध, पाइप यांवरचा कर शेतकऱ्याच्या पदरातच अडकून राहतो. केळीचा भाव व्यापारी ठरवतो, त्यात हा कर टाकायची सोय नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रॅक्टर आणि ठिबक यांवरचा दर १२ वरून ५ वर आला. ठिबकसाठी ओळखल्या जाणाऱ्या जळगावात त्याचे स्वागत झाले आणि व्हायलाच हवे होते. रासायनिक औषधांवरचे अठरा टक्के तसेच राहिले.

मग करायचे काय? पुढच्या प्रकरणांत हे सविस्तर येईल. इथे मनातले तेवढे सांगतो. नव्या प्राप्तिकर पद्धतीत आज बारा लाखांपर्यंत कर पडत नाही. तीच मर्यादा शेतीच्या उत्पन्नालाही ठेवा आणि तिच्या वरच्या उत्पन्नावर कर घ्या. महाराष्ट्रात सरासरी धारणा १.३४ हेक्टर आहे. शिंदखेड्याचा कापूसवाला या मर्यादेच्या आसपासही येत नाही. कर घ्यायचा तो एका वर्षाच्या नव्हे, पाच वर्षांच्या सरासरीवर, कारण मे महिन्यातले एक वादळ उभी बाग आडवी करते. वादळाने, रोगाने झालेला तोटा पुढच्या वर्षांत वजा मिळाला पाहिजे. शेअरच्या नफ्याला पगाराच्या बरोबरीने आणा. मोठ्या वारशावर माफक दराचा, पण एकही भोक नसलेला कर पुन्हा आणा. आणि यातून जे येईल ते शेतीच्या निविष्ठांवरचा जीएसटी परत देण्यासाठी, अर्धवट पडलेले पाटबंधारे पुरे करण्यासाठी आणि गावातल्या कामांसाठी वापरा. कर वरून घेणे आणि खाली सोडणे ही एकाच कामाची दोन टोके आहेत. एकच टोक ओढले तर फैजपूरचा ठराव पुन्हा अर्धाच होईल.

रावेरच्या एका सभेत एका केळीउत्पादकाने मला उभे राहून विचारले, ‘सर, म्हणजे आता इन्कम टॅक्सवाले आमच्या बांधावर येणार?’ टाळ्या त्यालाच पडल्या. प्रश्न खरा होता. आज अधिकाऱ्याच्या हातात कागद गेला की माणसाला काय सोसावे लागते, हे आम्ही सातबाऱ्याच्या नोंदीसाठी हेलपाटे घालून शिकलो आहोत. माझे उत्तर असे होते : बारा लाखांच्या वर निव्वळ उत्पन्न असलेल्या माणसाचा माल ट्रकने जातो, त्याची काटापट्टी असते, पैसे बँकेतून येतात. अधिकाऱ्याने बांधावर यायची गरजच पडत नाही. आणि ज्यांचे उत्पन्न त्याखाली आहे, त्यांनी कोणताही कागद भरायचा नाही, असे कायद्यातच लिहिले पाहिजे. तो गृहस्थ पूर्ण समाधानी झाला नाही. पण निघताना म्हणाला, ‘औषधावरचे अठरा टक्के परत देणार असतील तर मी भरायला तयार आहे.’ तेरा कलमांचा सारा ठराव त्याने एका वाक्यात सांगितला होता आणि ते त्याचे त्यालाही ठाऊक नव्हते.

शेतीच्या सुटीचा आडोसा कोण घेतो, तेही उघडपणे बोलले पाहिजे. शहरातला पैसा शेतीचे उत्पन्न म्हणून दाखवायचा ही वाट जुनी आहे. कागदपत्रे न तपासता अशी सूट दिली गेल्याचे देशाच्या महालेखापरीक्षकांनी आपल्या २०१९ च्या अहवालात नोंदवले आहे. बदनाम मात्र होतो सगळा शेतकरी. बँकेतला तो नोकरदार मला टोमणा मारतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर पारोळ्याचा कापूसवाला नसतो, असे कुणीतरी असते. त्या ‘कुणीतरी’ला करात आणल्याशिवाय कापूसवाल्याच्या डोक्यावरचा ठपका पुसला जाणार नाही आणि पगारदार व शेतकरी यांच्यातली ही खुन्नस मिटणार नाही.

गिरण्यांविषयी एक प्रकरण पुढे आहे. अमळनेरची प्रताप मिल, जळगावची खान्देश मिल बंद पडल्या तेव्हा कापूस पिकवणाऱ्या मुलखात कापूस वळणारे हात रिकामे कसे झाले, ते तिथे वाचा. कर्जमाफ्यांवरही आहे. २००८, २०१७, २०१९, तीनदा माफी झाली आणि फैजपूरच्या ठरावातले कर्जाचे कलम तरीही जिवंत आहे, यातच काय ते आले.

वाचकहो, पुस्तिका मिटल्यावर माझे एक काम करा. खरीप सुरू झाल्यापासून रब्बी निघेपर्यंतची कृषी केंद्राची, दुरुस्तीची, पाइपांची सगळी बिले एका पिशवीत ठेवा. पक्के बिल मागून घ्या, दुकानदार कच्ची चिठ्ठी देत असेल तर ती परत करा. हंगाम संपला की सीजीएसटी आणि एसजीएसटीच्या ओळी वहीत उतरवून त्यांची बेरीज करा आणि तो आकडा ग्रामसभेत वाचून दाखवा. यावल, रावेर, चोपडा, शिंदखेडा, साक्री, प्रत्येक तालुक्यातून पन्नास कुटुंबांनी एवढे केले तरी राज्याच्या अर्थसंकल्पाआधी आपल्या आमदारांच्या हाती देण्यासारखा एक कागद तयार होईल. वडिलांच्या पेटीतल्या बिलांची बेरीज मी केली आहे. आता तुमची करा.